एकशे सत्तावीस मिलिमीटर

दादाच्या डाव्या हाताची करंगळी शेजारच्या बोटापासून चौदा मिलिमीटर लांब राहते. हात टेबलावर पालथा ठेवून "बोटं जुळव" म्हटलं, की बाकीची तीन जुळतात आणि करंगळी रुसल्यासारखी बाजूलाच. मागच्या वर्षी याच सुमारास हे अंतर सहा होतं. मी कारखान्यातल्या व्हर्नियरने मोजते आणि वहीत लिहिते. दादा म्हणतो, "झालं समाधान?" माझं समाधान व्हावं असं त्यात काही नसतं.

मी कारखान्यात पंप आणि मोटारींची कंपनं मोजते. मशीनला सेन्सर लावायचा, आलेख बघायचा आणि आतलं बेअरिंग किती दिवसांचा सोबती आहे ते सांगायचं. माझी सही झाली की मशीन बंद होतं, मग मॅनेजर कितीही आदळआपट करो. घरात माझ्या सहीने पंखासुद्धा बंद होत नाही.

दादा गिटार दुरुस्त करतो. घराची तळमजल्यावरची, रस्त्याकडची खोली हे त्याचं दुकान. भिंतीवर माना वर करून टांगलेल्या गिटारी, बाकावर कानशी, सरस, तारांची वेटोळी. बाकाच्या वर काचेच्या चौकटीत एक मोठा फोटो आहे. त्यातला माणूस रॉक गिटारवादक आहे. चाळीस वर्षांपूर्वी त्याने तीन रेकॉर्ड काढल्या, जग हलवलं आणि मग वाजवणं सोडून कुठेतरी जाऊन राहिला. मुलाखत देत नाही, पत्राला उत्तर देत नाही. सहा फूट चार इंच उंच म्हणून आमच्याकडे त्याला लांब्या म्हणतात.

दर रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली येतं आणि लांब्याचे भक्त जमतात. पूर्वी नऊ-दहा असायचे. आता तिघे उरलेत. एक दादा. दुसरा त्याचा शाळेपासूनचा मित्र, सिटी बसचा ड्रायव्हर. तिसरे चष्म्याचे दुकानदार, साठीचे, ज्यांना सगळे काका म्हणतात. या मंडळाचे अध्यक्ष, चिटणीस आणि पत्रक छापणारेही तेच. मी चहा घेऊन येते आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून ऐकते. मला त्यांनी मोजपट्टी असं नाव ठेवलंय.

त्यांचा मुख्य वाद सतरा वर्षं चालू आहे आणि तो चार सेकंदांचा आहे. तिसऱ्या रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यात लांब्या अचानक थांबतो, पाऊण सेकंद पूर्ण शांतता, आणि मग दोन सूर एकदम वाजतात, इतके जवळचे की एकमेकांना कुरतडतात. दोघांच्या कंपनांत सेकंदाला सतरा-अठराचा फरक आहे, कानाला तो खरखरीसारखा लागतो. यांनी त्याचं नाव ठेवलंय चावा. गिटारवर असे दोन शेजारचे सूर दोन वेगळ्या तारांवर घ्यावे लागतात आणि त्या जागा एकमेकींपासून दूर पडतात. गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात. चाव्यासाठी तर्जनी सातव्या फ्रेटला आणि करंगळी तेराव्याला. मी मोजलंय, एकशे सत्तावीस मिलिमीटर. आणि तेवढं ताणून, चार सेकंद दाबून धरून, मधल्या दोन बोटांनी चाल वाजवायची.

काकांचं म्हणणं, लांब्याने हे निव्वळ डाव्या हाताने केलं. पुरावा म्हणून तो फोटो, त्यात लांब्याची तर्जनी आणि करंगळी मानेवर वीतभर फाकलेली दिसते. ड्रायव्हरचं म्हणणं, एवढं माणसाच्या हाताला जमत नाही, लांब्याने दुसरा सूर उजव्या हाताच्या बोटाने वरून दाबलाय. काकांच्या लेखी ही शिवी आहे.

आणि दादा काकांच्या बाजूचा पुरावा आहे. त्याला चावा येतो. नऊ वर्षं रोज दोन तास, गिटार जवळजवळ उभी धरून, कोपर पूर्ण दुमडून, मनगट पिळून त्याने तो कमावला. मंडळाच्या कार्यक्रमात दोनशे माणसं त्या चार सेकंदांसाठी येतात. एकदा कार्यक्रमानंतर जिना चढताना तो मला म्हणाला होता, "हे एक मला येतं, आणि दुसऱ्या कोणाला येत नाही." मी त्याला इतकं सुखात कधी पाहिलं नव्हतं.

मग बोटं बधिर व्हायला लागली. नसांच्या डॉक्टरांनी तपासणी केली. कोपरापाशी नसेतून संदेश सेकंदाला पन्नास मीटरच्या वर धावायला हवा, दादाचा अडतीस निघाला. डॉक्टर म्हणाले, कोपर सतत दुमडून नस दबलीय, छोटं ऑपरेशन करून मोकळी करू, सहा महिने वाजवायचं नाही. जितका उशीर कराल तितका हात कमी परत मिळेल. दादा म्हणाला, "एवढा कार्यक्रम होऊन जाऊ दे." त्याला चौदा महिने झाले. मध्ये तीन कार्यक्रम झाले. दुसऱ्या तपासणीत आकडा एकोणतीस आला. अंगठा आणि तर्जनी यांमधला मांसल भाग आता खळगा पडल्यासारखा दिसतो. शर्टाची बटणं वहिनी लावते.

त्या रविवारी मी चहा घेऊन उतरले तेव्हा वाद अगदी रंगात आला होता.

"वेग म्हणजे वादन नव्हे," काका म्हणत होते. "वेग शिवणयंत्रालाही असतो."

"शिवणयंत्र निदान कपडा तरी शिवतं, काका. तुमचा लांब्या एक सूर धरून उभा राहतो तो राहतोच. मी बस अशी उभी केली तर लोक मला खाली ओढतील."

"तो थांबतो तिथेच तर तो आहे! तुला थांबा दिसतो, मला माणूस दिसतो."

"मला उजवा हात दिसतो," ड्रायव्हर म्हणाला. "चाव्याला उजवा हात वर गेलाय. लिहून घ्या. आणि ती काय लबाडी नाही. पण तुम्हाला देव पाहिजे, त्याला दोन हात चालत नाहीत."

काकांनी खिशातून एक पत्रक काढून बाकावर आपटलं. तीन आठवड्यांनी होणाऱ्या कार्यक्रमाचं. त्यावर ठळक अक्षरात होतं: 'चावा, प्रत्यक्ष, फक्त डाव्या हाताने.' खाली दादाचा फोटो.

"हे बघ. दोनशे लोकांसमोर. उजवा हात पाठीमागे बांधायला लावतो मी याला."

"मग तार छेडणार कोण, तुम्ही?"

दादा हसला. मी नाही हसले. पत्रक मला नवीन होतं. वहिनीलाही नवीन असणार, कारण मागच्याच आठवड्यात दादा तिला म्हणाला होता की आता कार्यक्रम नाही.

"वाजवून दाखव रे," काका म्हणाले. "याचं तोंड एकदाचं बंद कर."

दादाने गिटार उचलली. आधी मंडळाची नेहमीची रीत. ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचा आणि सहाही तारा नेमक्या जागी आणायच्या. सतरा वर्षं ते असंच सुरू करतात. मग त्याने कोपर दुमडलं. हात मानेवरून सरकला, तर्जनी सातव्याला बसली, करंगळी निघाली आणि बाराव्यापाशीच अडकली. त्याने दात आवळले. खांदा वर आला. करंगळी तेराव्याला टेकली, पण दाबली जाईना. तार नुसती फरफरली, मासा तडफडल्यासारखी.

"परत," काका म्हणाले.

परत फरफरली. तिसऱ्यांदा करंगळी तारेवरून घसरली. दादाने तिला उजव्या हाताने धरून जागेवर बसवली. स्वतःचं बोट, सुटा भाग बसवावा तसं.

ड्रायव्हर आता हसत नव्हता. "राहू दे यार."

"राहू दे काय?" काका म्हणाले. "सराव कमी पडतोय. दोन तासांचे चार कर. लांब्याला काय सोपं गेलं असेल? फोटो बघ. दुखलं नसेल त्याला? दुखणं हीच त्याची शैली आहे."

दादाने मान हलवली. "तीन आठवड्यांत येईल जागेवर," तो म्हणाला.

मी चहाचा ट्रे पायरीवर ठेवला. कप एकमेकांवर आपटले. माझा आवाज सहसा चढत नाही, तेव्हाही चढला नाही. कारखान्यात शिकलेली गोष्ट आहे, गोंगाटात ओरडून काही ऐकू जात नाही.

"गिटार दे," मी म्हणाले.

"आता हिचं काय?" काका म्हणाले. "मोजपट्टी, सुराला सेंटिमीटर नसतात गं."

"दादा, गिटार दे."

त्याने दिली, बहुतेक आश्चर्याने. मला वाजवता येत नाही. पण कुठली खुंटी कुठल्या तारेची ते कळतं. मी तिसऱ्या तारेची खुंटी फिरवली आणि ती तार दोन घरं, म्हणजे दोन फ्रेटइतकी, खाली उतरवली. काकांनी हात पुढे केला. "अगं ए! आत्ता लावलेली तार!"

मग मी त्या उतरलेल्या तारेवर तर्जनी नवव्या फ्रेटला ठेवली आणि शेजारच्या तारेवर करंगळी तेराव्याला. माझा हात लहान आहे, हातमोजे मला मुलांच्या मापाचे लागतात. ऐंशी मिलिमीटर. थोडं ताणलं, पण बसलं. मधली दोन बोटं रिकामी, हलवता येतील अशी. मी दोन्ही तारा एकदम छेडल्या.

खोलीत चावा वाजला. ओबडधोबड, पण तोच. भिंतीवरच्या गिटारीही बारीक गुणगुणल्या.

ड्रायव्हर हळूच म्हणाला, "आईशप्पथ."

"योगायोग," काका म्हणाले.

"योगायोग नाही. चाव्याच्या आधी तो पाऊण सेकंद थांबतो ना, ती शांतता पूर्ण शांत नाहीये. गिटारवर न छेडलेल्या तारा आपोआप बारीक वाजत राहतात, आत्ता भिंतीवरच्या वाजल्या तशा. प्रत्येक तार स्वतःच्या सुरात. तो पाऊण सेकंद मी मशीनवर टाकून बघितला. तिसरी तार सेकंदाला एकशे शहाण्णव कंपनांवर वाजायला हवी. तिथे काहीच नाही. एकशे पंचाहत्तरवर आहे. दोन घरं खाली. लांब्याने त्या गाण्यासाठी एक तार उतरवून घेतली होती. त्याला हात ताणावाच लागला नाही."

"यंत्रं काय वाट्टेल ते सांगतात!" काकांचा चेहरा लाल झाला होता. "हा फोटो खोटा आहे? हा हात खोटा आहे? सतरा वर्षं आम्ही काय मूर्ख म्हणून बसलोय इथे?"

"भिंग आहे ना खिशात? तुमच्याकडे कायम असतं."

ते काढेनात, तेव्हा ड्रायव्हरने त्यांच्या खिशातून काढलं आणि स्टूल ओढून फोटोसमोर उभा राहिला.

"करंगळी बघा," मी म्हणाले. "आणि तारेवर पडलेली तिची सावली. बोट टेकलेलं असलं की सावली बोटाला चिकटून असते. मध्ये फट आहे का?"

ड्रायव्हर बराच वेळ बघत राहिला. "आहे," तो म्हणाला. "तर्जनीलाही आहे. बोटं हवेत आहेत, काका. हा वाजवतच नाहीये. हा..." त्याने स्वतःचा डावा हात वर करून बोटं फाकवली, जशी तो लांबच्या फेरीनंतर स्टिअरिंगवरून काढल्यावर फाकवतो. "हा हात मोकळा करतोय. आम्ही ड्युटी संपल्यावर करतो तसा."

"खाली उतर," काका म्हणाले.

"काका, तुम्ही लोकांना चष्म्याचे नंबर काढून देता आणि स्वतः..."

"खाली उतर म्हटलं ना!" त्यांनी भिंग हिसकावून घेतलं. पण फोटोकडे गेले नाहीत. पत्रक घडी करायला लागले, चार घड्या, आठ घड्या. "एवढं सोपं असतं तर मग त्यात काय राहिलं? सांग ना. तार उतरवायची आणि वाजवायची. मग कोणीही वाजवेल. दोनशे लोक काय बघायला येतील?"

"म्हणून याचा हात जायला हवा?" मी म्हणाले. "तुम्हाला बघायला काहीतरी पाहिजे म्हणून? 'दुखणं हीच शैली' म्हणालात. कोणाचं दुखणं? तुमची करंगळी दाखवा बघू."

काकांनी दादाकडे पाहिलं, तो आपली बाजू घेईल म्हणून. दादा माझ्याकडे बघत होता.

"तुला हे कधी कळलं?" त्याने विचारलं.

या प्रश्नाची मी वाट बघत होते. खरं सांगायचं तर याच्यामुळेच मी इतके दिवस पायरीवर बसून राहिले होते.

"सोळा महिने झाले."

"पहिल्या तपासणीच्या आधी."

"दोन महिने आधी."

वहिनी आवाज ऐकून जिन्यात येऊन उभी होती. पीठ चाळता चाळता आली असावी, चाळणी हातातच होती.

"म्हणजे तू," दादा म्हणाला, "व्हर्नियर घेऊन माझी करंगळी मोजत बसलीस. सहा. आठ. अकरा. वहीत लिहीत बसलीस."

"हो."

"कारखान्यातलं मशीन असतं तर?"

"बंद केलं असतं."

"मग?"

याआधी एकदा मी त्याला सांगितलं होतं की दुसऱ्या रेकॉर्डवरचं लांब्याचं सगळ्यात वेगवान वाजवणं टेप जरा जोरात फिरवून केलेलं आहे, चार टक्के. दादा माझ्याशी चार महिने बोलला नव्हता. टक्क्याला एक महिना. एका घरात, एका जिन्याने ये-जा करत. "हिला सांग, नळ बंद कर" असं वहिनीमार्फत.

"तू परत बोलायचा बंद होशील असं वाटलं," मी म्हणाले. "आणि तू म्हणाला होतास, हे एक मला येतं. ते काढून घेणारी मी व्हायला नको होतं." हे कारण पुरेसं नाही हे मला तेव्हाही कळत होतं. आलेख समोर असताना सही न करणाऱ्याला आमच्याकडे नोकरीवर ठेवत नाहीत.

"दया आली तुला माझी!" दादाने बाकावर मूठ आपटली. डावी. ती पूर्ण मिटली नव्हती, करंगळी बाहेरच राहिली आणि कानशीवर आपटली. त्याला दुखलं नाही. आपल्याला दुखलं नाही हे त्याला दिसलं, ते मला दिसलं. करंगळीच्या कडेला रक्ताची बारीक रेघ आली होती. "लोकांना टाळ्या वाजवताना बघत होतीस तू. तिकडे शेवटच्या रांगेत बसून. आणि तुला माहीत होतं."

"माहीत होतं."

"मग तू यांच्यापेक्षा बरी कशी? काकांना निदान माहीत तरी नव्हतं!"

"नाही बरी," मी म्हणाले. माझ्या हातात अजून गिटार होती. कुठे ठेवावी ते सुचत नव्हतं.

"अहो, पुरे," वहिनी म्हणाली. ती दोन पायऱ्या खाली आली. "तिने नाही सांगितलं ही तिची चूक. ती मी तिच्याशी नंतर बघते. पण डॉक्टरांनी तर सांगितलं होतं ना? चौदा महिन्यांपूर्वी, तुमच्या तोंडावर, मी शेजारी बसलेली असताना. तेव्हा चावा खोटा होता का? तेव्हा तर तो तुमच्या लेखी खराच होता, आणि हातही खराच होता. तुम्ही काय निवडलंत?"

दादाने करंगळीवरचं रक्त शर्टाच्या टोकाला पुसलं.

"आणि हे काय आहे?" तिने काकांच्या हातातून ती आठ घड्यांची गुंडाळी घेतली, उलगडली, वाचली. "कार्यक्रम नाही म्हणालात मला. रोज सकाळी मी तुमची बटणं लावते. पाच वरची, दोन बाह्यांची. परवा तुम्ही मला म्हणालात, बटणं नसलेले शर्ट आणू या. शर्ट बदलायला तयार आहात तुम्ही!"

ड्रायव्हर रस्त्याकडे बघू लागला. अर्ध्या शटरखालून लोकांचे नुसते पाय जाताना दिसत होते.

"वहिनी, हॉल ठरलाय," काका म्हणाले, पण आवाज उतरला होता. "पत्रकं वाटून झाली."

"मग तुम्ही वाजवा," वहिनी म्हणाली. "मोजपट्टी तार उतरवून देईल. सोपं आहे म्हणे, कोणालाही येतं."

काकांनी भिंग खिशात टाकलं, पुन्हा काढलं. मग स्टुलावर चढले. साठीचा माणूस, एक हात भिंतीवर ठेवून, फोटोला नाक लावून उभा राहिला. सतरा वर्षांत पहिल्यांदाच असणार. ते खाली उतरले. शटर वर ढकलून बाहेर पडले. ड्रायव्हर त्यांच्या मागे जाता जाता दादाच्या खांद्याला हात लावून गेला.

दादाने माझ्या हातून गिटार घेतली. तिसऱ्या तारेची खुंटी वर चढवायला डावा हात नेला, रोजच्या सवयीने. अंगठा आणि बोट खुंटीवरून दोनदा घसरले. त्याने हात मागे घेतला. मग तार उतरलेलीच ठेवून त्याने तर्जनी नवव्यावर ठेवली, करंगळी उजव्या हाताने उचलून तेराव्यावर ठेवली आणि दाबायचा प्रयत्न केला. ऐंशी मिलिमीटर. माझ्या हाताला जमलं तेवढं.

तार फरफरली.

त्याने करंगळी तारेवरून उचलून घेतली. मग गिटार बाकावर पालथी ठेवली. पॉलिश केलेली बाजू खाली टेकेल अशी तो कधी ठेवत नाही.

"तिला सांग," तो वहिनीला म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. "सोबत यायचं असेल तर येऊ दे, पण तो व्हर्नियर घरी ठेवून यायचं. उद्या सकाळी दवाखान्यात फोन कर आणि जी पहिली मिळेल ती तारीख घे. कार्यक्रमाच्या आधीची मिळाली तरी चालेल. ऑपरेशन करून घेतो मी."